तिसऱ्या मजल्यावरच्या बाई

“खात्री केल्याशिवाय एक ओळ छापायची नाही,” हे बातमीदारकाकांचं पालुपद. मायदेशी ते मोठ्या दैनिकात होते. एकदा सगळ्यांनी एका पुढाऱ्याच्या निधनाची बातमी छापली. काका घरी जाऊन बघतात तर पुढारी जेवत होता. हा किस्सा मी पन्नास वेळा तरी ऐकलाय, आणि दर वेळी पुढाऱ्याच्या ताटात आणखी एक पदार्थ वाढलेला असतो.

परदेशात आल्यावर त्यांनी नऊ वर्षं गोदामात खोकी उचलली, त्यावर तीन पुस्तकं लिहिली, मग आपल्या भाषेतलं साप्ताहिक काढलं. शिंप्याच्या दुकानामागे एक खोली, दोन टेबलं, एक फोन. ते लिहायचे, मी मजकूर जुळवून पानं लावायचे.

एवढ्या खात्रीच्या माणसाने एक थाप मात्र बिनदिक्कत चालवली होती. वाचकांची पत्रं येत नसत, आणि पत्रांचं पान ओस पडलं की अंकात जीव उरत नाही, म्हणून पत्रं तेच लिहीत. त्यांनी रचलेल्या या वाचकांत तिसऱ्या मजल्यावरच्या बाई सगळ्यात सरस. विधवा, एकट्या, मुलगा याच शहरात, पण फिरकत नसे. जिन्यात कुणी भेटलंच तर असावं म्हणून बाई कचरा टाकायलासुद्धा चांगले कपडे घालून जात. तिन्ही पुस्तकांत असं जिवंत काही नाही, हे मी काकांना तोंडावर सांगितलं. दोन दिवस फुगून बसले.

काका तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि कचरा टाकायला इस्त्रीचा शर्ट घालून जातात, हे मी पाहिलं होतं. पण ते मी कधी बोलून दाखवलं नाही.

मग एका गुरुवारी खरंखुरं पत्र आलं. एका म्हाताऱ्या बाईंनी थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं, “तिसऱ्या मजल्यावरच्या ताईंचा पत्ता द्याल का? मीही एकटीच आहे. चहाला बोलवीन म्हणते.”

काकांचा चेहरा पडला. “आता हिला काय सांगू?”

“खरं ते सांगा,” मी म्हटलं.

त्यांचा धीर झाला नाही. पुढच्या अंकात त्यांनी छापलं, बाईंना त्यांचा मुलगा घरी घेऊन गेला. सुटलो, म्हणाले. मला संताप आला, तरी पान लावलं.

आठवड्यात दुसरं पत्र. “ताईंचं वाचून फार बरं वाटलं. मीही धीर करून माझ्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, बघू. ताई मुलाशी काय बोलल्या, तेवढं विचारून कळवाल का? मला नीट बोलता आलं नसेल.”

काकांनी पत्र दोनदा वाचलं. वाटलं, आता चार गोड ओळी खरडतील. पण त्यांनी फोन ओढला.

“कुणाला करताय?”

“माझ्या मुलाला. खात्री केल्याशिवाय कसं छापायचं?”

फोन लागला. “मी बोलतोय... नाही रे, तब्येत ठीक आहे... नाही, काही नको... काम असं काही नाही.” मग ते फोनची वायर बोटाला गुंडाळायला लागले. शब्द शोधताहेत हे मला दिसत होतं. आयुष्यभर शब्दांवर जगलेला माणूस. “बरं, तू कामात असशील. सहजच केला होता.”

फोन ठेवून त्यांनी कागद पुढे घेतला. ते उत्तर मी जसंच्या तसं छापलं:

“बाईंना विचारलं. त्यांनाही बोलता आलं नाही. मुलगा घेऊन गेला, हे मी खोटं छापलं होतं. तिसऱ्या मजल्यावर मीच राहतो. पत्ता खाली देत आहे. तुमचं बोलण्यात काही चुकलेलं नाही.”