कांगारूचं अर्धं तिकीट

ऐंशीच्या सुमारास मी कंपनीच्या कामाने सिडनीला जाऊन आलो आणि नाशिकच्या सातपूर बसमध्ये दिसेल त्याला फोटो दाखवत सुटलो. एकदा शेजारी एक मजूर बाई बसली. मांडीवर चांगलं दणकट पोर.

"याचं अर्धं तिकीट, बाई!" कंडक्टर म्हणाला.

"अंगावरचं हाय वो!"

मी माझ्याच नादात. खाडीवरचा पूल, शिडांच्या छपराचं नाटकघर. बाईने ढुंकून पाहिलं नाही. कांगारूचा फोटो मात्र हिसकावलाच. पोटाच्या पिशवीतून पिल्लाचे लांब पाय लोंबत होते.

"बघा, हिला कुणी तिकीट मागतं का?"

कंडक्टर हसत पुढे गेला. माझ्या सिडनीचा हा पहिलाच उपयोग. मी फोटोसाठी हात पुढे केला.

"राहू द्या भाऊ," तो कमरेला खोचत ती म्हणाली, "परतीला लागंल."