ठोकळ्याची तीट

कोलशेतच्या त्या गाळ्यात मला कामाला लागून दोनच महिने झालेले, तिसरा संपला की कायम करणार होते, आणि मी ठोकळा जाळला.

ठोकळा म्हणजे, आमच्या इंजिनिअर मॅडम काडेपेटीएवढे पांढरे ठोकळे बनवत होत्या, एकाला पाण्याची पातळी कळते, एकाला गरमी, एक वायफायचा, त्याच्यावरून मोबाईलवर मेसेज जातो. कुणाला टाकीचं नाहीतर पंपाचं नवीन यंत्र बनवायचं असलं की आधी हे खटाखट जोडून बघायचं, चालतंय का ते. मी नववी नापास, माझं काम नुसतं जोडून बघायचं आणि वहीत बरोबरची खूण करायची.

त्या दिवशी सासूचा फोन आलेला, बाळाला ताप आहे म्हणून, आणि मी घाईत वायफायचा उलटा लावला. बसला की! जरापण अडला नाही. बारीक धूर आला, वास आला, मी तो ओढणीत गुंडाळून डब्याच्या पिशवीत टाकला. कुणाला बोलली नाही. नोकरी गेली असती तर सासू म्हणाली असती, आठ महिन्यांचं पोर टाकून जात होतीस, बघ काय झालं.

रात्री डोंबिवलीला बाळाला तीट लावताना सुचलं. सकाळी काजळाची डबीच घेऊन गेली, प्रत्येक ठोकळ्याच्या कोपऱ्यात एक ठिपका लावला. ठिपक्याला ठिपका भिडला की सरळ.

शेजारच्या टेबलावरच्या काकी हसल्या, "अगं, यांना कुणाची नजर लागतेय? आता पाळणा पण बांध!"

आणि संध्याकाळी मी निघाल्यावर त्याच काकींनी, डाग पडलेत म्हणून, सगळे पुसून चकाचक केले.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक बघायला आलेलं, मॅडम स्वतः जोडायला बसल्या, आणि हातातला वायफायचा उलटा, परवा माझ्या हातात होता तस्साच. मी ओरडलीच, "मॅडम, थांबा!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मग पिशवीतून जळका ठोकळा काढून समोर ठेवला.

"उलटा लावला की असा होतो. मीच जाळलाय. परवा."

मॅडमनी तो नाकाशी धरला. "जोर लावलेलास?"

"नाही हो. गपकन बसला."

"मग चूक माझी. उलटा बसतोच कसा?"

तिसरा महिना संपला, मला कुणी काढलं नाही. नवीन ठोकळे आले, एक कोपरा तासलेले. मॅडमनी पहिला माझ्याच हातात दिला, "लाव उलटा." मी घाबरतच लावला. "जोर लाव गं, जेवत नाहीस काय?" अंगठा दुखला, पण नाही बसला.

काकी म्हणाल्या, "लागली बाई तीट."

मी वहीत बरोबरची खूण केली.