रिपोर्टातलं रूप

वाशीमच्या कॉलेजात मी मराठी शिकवते. दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञानात रूपविचार असतो. प्रत्यय लागताना शब्दाचं रूप कसं बदलतं, ते त्यात पाहायचं. इंग्रजीत याला मॉर्फॉलॉजी म्हणतात, एवढं सांगून मी फळ्यावर 'घोडा, घोड्याला' लिहायची आणि पुढे जायची. मॉर्फॉलॉजी हा शब्द आम्हा भाषावाल्यांचाच, अशी माझी समजूत होती.

त्या वर्गात मालेगावकडच्या एका खेड्यातून एसटीनं येणारी एक मुलगी होती. आठवड्यातले दोन दिवस ती गैरहजर. विचारलं की म्हणायची, "हातपाय दुखत होते, मॅडम." या वयात कसले हातपाय दुखतात, असं मी एकदा सगळ्यांसमोर बोलले. ती खाली बसली.

दिवाळीनंतर एक दिवस तास संपल्यावर ती थांबली. हातात घडी घातलेला कागद.

"मॅडम, याच्यात तुमचा विषय लिहेल हाय. डॉक्टरनं रक्त तपासाले लावलं होतं. मले वाटलं, तुमाले समजन."

तांबड्या पेशींच्या रकान्यात खरंच मॉर्फॉलॉजी हा शब्द छापलेला होता. पुढे इंग्रजीत दोन ओळी. अक्षरं वाचता येत होती, अर्थ लागत नव्हता.

"मलेबी नाही समजत गं," मी म्हणाले. माझ्या तोंडून घरची बोली ऐकून ती पहिल्यांदाच हसली.

आम्ही स्टाफरूममध्ये गेलो. वनस्पतिशास्त्राचे सर म्हणाले, "आमच्याकडे मॉर्फॉलॉजी म्हणजे पान, खोड, मूळ यांची ठेवण. सोयाबीनचं पान, फूल, शेंगेवरची लव पाहून वाण ओळखतात ना, तसं." भूगोलाच्या मॅडम वह्या तपासत होत्या, त्यांनी मान वर केली. "आणि आमच्याकडे डोंगर-नाले. पाण्यानं जमिनीला दिलेलं रूप." मला गंमत वाटत होती. सरांनी मात्र चष्मा लावून रिपोर्ट वाचला आणि आवाज खाली आणला. "इथं रक्तपेशींच्या आकाराबद्दल लिहिलंय. आजच लॅबमध्ये विचारा."

मी तिला स्कूटरवर बसवून लॅबमध्ये नेलं. तिथल्या माणसानं तिच्या रक्ताची काचपट्टी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. "गोल आहेत त्या चांगल्या. वाकड्या दिसतात का, पाहा."

ती बराच वेळ पाहत राहिली. "हा तं इळाच हाय."

"सिकल म्हणजे विळाच, म्हणूनच या आजाराला सिकलसेल म्हणतात. प्राणवायू कमी पडला की पेशी अशी विळ्यासारखी वाकते, बारीक नसांमध्ये अडकते. मग हाडं, सांधे दुखतात."

"म्हंजे मी खोटं नोती बोलत," ती म्हणाली. मला उद्देशून नाही, डोळा अजून भिंगालाच होता. मला मान वर करवेना.

जिना उतरताना मी तिला म्हणाले, "त्या दिवशी वर्गात बोलले, ते चुकलं माझं."

"जाऊ द्या मॅडम. मलेबी कुठी माहीत होतं."

पुढच्या तपासण्या सरकारी दवाखान्यात झाल्या. गोळ्या सुरू झाल्या. भरपूर पाणी प्यायचं, थंडीला जपायचं, जड कामं टाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं. आई-वडिलांचंही रक्त तपासलं. आई चिडलीच होती, "आमाले तं कवाच काई झालं नाही!" दोघांमध्येही तो दोष अर्धा होता, अंगावर न दिसणारा. मुलीत दोन्ही अर्धे एकत्र आले. हे कळल्यावर आई बाकावर बसून राहिली, आणि मग मुलीनंच तिला पाणी आणून दिलं.

दुखणं पूर्ण गेलं नाही. ज्या दिवशी ती येत नसे, त्या दिवशीची टिपणं मी फोनवर पाठवायची. ती पास झाली.

पुढच्या वर्षी रूपविचार शिकवायची वेळ आली, तेव्हा मी तिला नव्या वर्गासमोर उभं केलं आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. पान, डोंगर, शब्द असं सांगत ती फळ्यावर गोल पेशी आणि विळ्यासारखी पेशी काढून थांबली. "कोणाचे हातपाय लय दुखत असतीन, तं लपवू नका," म्हणाली. तास संपल्यावर दोन मुली तिच्यापाशी घुटमळल्या. त्यांना मोकळं बोलता यावं म्हणून मी वर्गाबाहेर पडले.