व्हिसासाठी शिकलेला भविष्यकाळ

लेकीला सातवा महिना लागला आणि तिथल्या डॉक्टरांनी तिला पूर्ण पडून राहायला सांगितलं. ती परदेशात, मी कर्वेनगरात. तिच्याकडे जाण्यासाठी मला व्हिसाची मुलाखत द्यायची होती, आणि ती तीन आठवड्यांवर आली होती. दुभाषा मिळतो म्हणे, पण त्याने माझं बोलणं नीट पोचवलं नाही तर? नोकरीभर कचेरीत आवक-जावक सांभाळली होती; इंग्रजी वाचता यायचं, बोलताना जीभ अडखळायची.

सदाशिव पेठेत एक निवृत्त शिक्षिका घरीच शिकवत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "तीन आठवड्यांत इंग्रजी येणार नाही. न घाबरता बोलणं तेवढं येईल."

तेही येईना. माझं घोडं अडायचं भविष्यकाळापाशी.

"'येईन' आणि 'येणार आहे' यांत तुम्ही फरक करता ना?" बाई म्हणाल्या. "बोलता बोलता ठरवलं तर विल. आधीच ठरलेलं असेल तर गोइंग टू. अंदाजाचंही तसंच. आभाळ भरून आलेलं दिसतंय, तर गोइंग टू. नुसतं मनाला वाटतंय, तर विल."

मी वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, "आणि बाळ सुखरूप होईल, हे कशात बसवायचं?"

"विलमध्ये," बाई म्हणाल्या. "पुढचं वाक्य घ्या."

त्या दिवशी मात्र चहा घेऊन जा म्हणाल्या. त्याआधी कधी म्हणाल्या नव्हत्या.

घरी मी कणीक मळताना वाक्यं घोकायची. एक शब्द चुकला आणि 'मी तिकडेच राहणार आहे' असा अर्थ निघाला तर, या भीतीने तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. लेकीला फोनवर यातलं काही सांगत नसे. तीही तिच्याकडचं सगळं सांगत नसावी.

मुलाखतीला काचेपलीकडे तरुण अधिकारी होता. किती दिवस राहणार, त्याने विचारलं. "आय ॲम गोइंग टू स्टे थ्री मन्थ्स." हे पाठ होतं. मग तो म्हणाला, मुलीने अजून राहा म्हटलं तर? हे पाठ नव्हतं.

"शी विल क्राय," मी म्हणाले. "आय विल कम बॅक."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप करत राहिला. व्हिसा मिळाला.

तिकीट दहा दिवसांनंतरचं होतं. बॅग भरत असताना एका सकाळी जावयांचा फोन आला. मुलगी झाली होती, दिवस भरायच्या सात आठवडे आधी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, ती बरी होईल," जावई म्हणाले.

"नक्की काय म्हणाले? विल म्हणाले की गोइंग टू?"

"आई, मला आठवत नाही." मी उगाच विचारलं असं वाटलं, आणि तरी पुन्हा विचारावंसं वाटत राहिलं.

तिकीट बदलून आधीच्या तारखेचं घेतलं. चौथ्या दिवशी मी तिथे पोचले, तेव्हा लेक चाकाच्या खुर्चीत पेटीशेजारी बसली होती. नातीचा पंजा माझ्या अंगठ्याहून जेमतेम मोठा. लेकीने माझा हात धरला आणि आम्ही दोघी नुसतं बाळाचं पोट वरखाली होताना पाहत राहिलो.

महिन्याभराने तिला घरी आणलं. दर दोन तासांनी दूध पाजायचं होतं. लेकीला झोपायला सांगून घड्याळ मी माझ्याकडे घेतलं.