रेडिओबाईची कॅसेट

आमच्या रेडिओबाईसमोर कुणाला रडायची सोय नव्हती. बोलणारीनं डोळ्याला ओढणी लावली की ती टेपरेकॉर्डर बंद करायची आणि शांतपणे आपल्या भाषेत बजावायची. अर्थ मला तिनं हिंदीत सांगितला होता, "रोना बाद में. पहले अपना नाम, गाँव, एजंट का नाम." हुंदका ओसरला की बटण पुन्हा दाबलं जाई.

ती इथिओपियाची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही कुवेतच्या फहाहीलला राहायचो, तेव्हा आमच्या मुलीला सांभाळायला ठेवलेली. 'बाई' म्हणायची आपली पद्धत. वय जेमतेम चोवीस. दर शुक्रवारी दुपारी आमच्या स्वयंपाकघरात तिच्या देशाच्या तीन-चार कामवाल्या मुली जमत आणि कुवेतमध्ये आपलं काय झालं ते कॅसेटवर बोलत. सुट्टीवर जाणारी कुणी ती गावी नेई. तिकडे हिचे सोबती बाजाराच्या दिवशी ती मोठ्यानं लावत, म्हणजे नव्या मुली एजंटाच्या थापांना भुलू नयेत. "पेपरवाला हमारा बात नहीं लिखता," ती म्हणे, "तो हम ही पेपर." हे मी अहमदीच्या ऑफिसात रंगवून सांगे. एका स्वयंपाकघराच्या भांडवलावर मी तिथे समाजसेवक झालो होतो.

कॅसेट भरली की ती तिच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकी. मग त्यावर पुन्हा काही भरता येत नाही. पण आम्ही हुशार माणसं. भोकांवर चिकटपट्टी लावली की सगळं जमतं. माझ्या निम्म्या कॅसेटी तशाच होत्या.

त्या साली मंडळाच्या गणपतीत मी नाट्यगीत म्हणणार होतो. शुक्रवारची सकाळ, दुकानं बंद, तालीम भरून ऐकायला कोरी कॅसेट नाही. शेल्फवर एक सापडली. लावून पाहिली, तर कुणी मुलगी अनोळखी भाषेत हळू बोलत होती. प्रार्थना असेल म्हटलं, पट्टी लावली आणि दोन्ही बाजू गाऊन काढल्या.

ती कॅसेट तिच्या धाकट्या बहिणीसाठी होती. बहीण ज्या एजंटाकडून निघाली होती, त्यानंच फसवलेली मुलगी त्यात बोलली होती. बहिणीला पत्रं लिहून झाली होती. ती उलट विचारी, तू मजेत आहेस, मग मला का अडवतेस? हे सगळं तिनं त्याच आठवड्यात चहा देताना मला सांगितलं होतं. मी "वा, वा" म्हणालो होतो.

रेडिओबाईनं माझं गाणं शेवटपर्यंत ऐकलं. कॅसेटवर बोललेल्या मुलीचं बाहेर येणं तोवर मालकानं बंद केलं होतं. मी दहा कोऱ्या कॅसेटी आणून दिल्या. गाण्याला मंडळात वन्स मोअर मिळाला.

हिवाळ्यात बहीण आली, एगैलातल्या एका घरात. पोरगी एकटी नको म्हणून हिनं आमची नोकरी सोडून तिथेच काम धरलं. मी गाडीनं पोचवायला गेलो. टेपरेकॉर्डर तिला द्यायचा, असं बायकोनं बजावलं होतं.

"आप रखो, सर," ती म्हणाली. "अब किसको सुनाएगा? सब लड़की तो इधर आ गया."

दार धाकटीनं उघडलं. पासपोर्टवर वय पंचवीस लिहिलं होतं म्हणे. आमच्या शाळकरी मुलीहून ती फार मोठी नव्हती.