न थिजलेलं तेल

वहिनी गेली त्याला आता दीड महिना होईल. मी भातकुलीच्या शेतावर वेचणी बघत होतो, तेव्हा दादाचा माणूस धावत आला. "बाई गेल्या," एवढंच म्हणाला. मला रडू नंतर आलं. आधी आठवली ती तिच्या फळीवरची तेलाची शिशी. हे लिहायला लाज वाटते, पण खरं तेच आहे.

वहिनी आमच्या अमरावतीच्या घरात आली तेव्हा मी मिसरूड फुटलेला पोरगा होतो. पुढे कापसाचं वेड आलं. समुद्रापार कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. ओसरी, माजघर, देवघराचा कोपरा, जिकडेतिकडे कापूस. "देवाले तरी बसाले जागा ठेवा," वहिनी दादाला टोमणा मारायची. गाठी घेऊन मुंबईकडे गेलेल्या गाड्या परतताना खोबरेल आणू लागल्या. आम्ही जवस-करडईच्या तेलावर वाढलेली माणसं, आम्हाला खोबरेलातलं खरंखोटं काय कळणार? ते वहिनीला कळे. थंडीत संध्याकाळी ती शिशीत तेल भरून खिडकीच्या बाहेरच्या कठड्यावर ठेवायची आणि पहाटे उलटी करायची. चोख तेल पांढरंशुभ्र थिजलेलं, थेंब हलायचा नाही. भेसळ असली की वर पिवळं तेल सुटं राहायचं. गल्लीतल्या बायका वाट्या घेऊन यायच्या, आणि वहिनीचा निकाल म्हणजे निकाल... त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

मंजुळा तेलीण विधवा होती. गाडीवानांकडून खोबरेल घेऊन दारोदार विकायची, त्यावरच तिचं घर चालायचं. एका संध्याकाळी वहिनीनं तिचं तेल कठड्यावर ठेवलं. दिवेलागणीला कापसाच्या गाड्या आल्या आणि मजूर त्याच खिडकीतून कापूस आत लोटू लागले. शिशी फुटेल म्हणून मी ती उचलली आणि आत कापसाच्या ढिगात खोचून ठेवली. नंतर विसरलो. पहाटे आठवण झाली तशी वहिनी उठायच्या आत मी ती गुपचूप कठड्यावर नेऊन ठेवली, बोलणी नकोत म्हणून. दवात भिजलेल्या कापसाचा ढीग आतून किती ऊबदार असतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही.

वहिनीनं शिशी उलटी केली. तेल पाण्यासारखं खाली आलं. मंजुळा दारातच उभी होती. वहिनी चारचौघींदेखत म्हणाली, "मंजुळे, हे खोबरेल नाही. हे सारं जवस हाय." मंजुळेचा चेहरा उतरला. "बाई, मी भेसळ काऊन करीन? मले काय पोटाची काळजी नाही? आज पुन्यांदा ठेवून पाहा ना, एकडाव." "पायलं तेवढं पुरे झालं," वहिनी म्हणाली. मी तिथेच होतो. पहाटे ढिगात हात घातला होता, तेव्हा तो गरम लागला होता, आणि आता कुठे मला ते उमगत होतं. पण बायकांसमोर वहिनीला खोटं पाडायचं, मग आपणही शिव्या खायच्या... मूग गिळून बसलो. उद्या सांगू म्हटलं. त्या दिवसापासून मंजुळेकडून कुणी थेंबभर तेल घेतलं नाही. पुढच्या अमावास्येआधी ती अकोल्याला निघून गेली. ऐकतो, तिथे अजून दुसऱ्याच्या घाण्यावर राबते.

लढाई थांबली, कापसाचा भाव पडला, घर रिकामं झालं. मंजुळेच्या तेलाची ती शिशी मात्र वहिनीनं टाकली नाही, फळीवर मागे सारून ठेवली. जाण्याच्या आठ दिवस आधी तिनं मला जवळ बोलावलं. आवाज खोल गेला होता. "भाऊजी, त्या राती शिशी खिडकीतच होती ना?" मी "हो" म्हणालो. मरणाच्या दारातल्या माणसाशी मी खोटं बोललो. ती "बरं" म्हणाली आणि कुशीवर वळली.

तेराव्यानंतर दादानं ती शिशी माझ्या हातात दिली. "तुह्याच हातानं मंजुळेले पोचवाची म्हणून सांगून गेली. काऊन, ते नाही सांगितलं." मी शिशी उलटी केली. खवट वास येत होता, पण तेल दगडासारखं घट्ट, पांढरं थिजलेलं. म्हणजे कापूस गेल्यापासून दर थंडीत ती हे पाहत होती! मग स्वतःच का गेली नाही अकोल्याला? दिलेला निकाल फिरवणं तिलाही जड गेलं असेल, की मी बोलेन म्हणून वाट पाहिली असेल? आता कुणाला विचारू...

महिना झाला, आज जाऊ उद्या जाऊ करत शिशी माझ्याच खिडकीत आहे. काल दुपारी पाहिलं तर वर बोटभर तेल सुटलेलं. होळी झाली की सगळंच तेल पातळ होतं, चोखही आणि खोटंही. म्हणून आज पहाटेच गाडी जुंपायला सांगितली. दादा शिशी बघून म्हणाला, "मूर्तिजापूरकडचा रस्ता खराब हाय, फुटन. कापसात गुंडाळून ने." त्यानं मूठभर कापूस पुढे केला. माझा हात पुढे जाईना. शिशी ओल्या फडक्यात बांधली आणि त्याला तिथेच, गाडीच्या चाकापाशी उभ्याउभ्या, सगळं सांगितलं.