भिंतीवरची वर्तुळं

माझ्या दादाने वहिनीला पहिल्यांदा मारलं ते लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात, आणि शेवटचं मारलं ते मी समोर उभी असताना. मधल्या वर्षांत त्याने तिला जे हाताला लागेल त्याने मारलं. तो गॅरेजमध्ये मेकॅनिक, त्यामुळे हाताला लागायचं तेही जडच असायचं. आमची आई म्हणायची, हात उचलतो, पण मनाने वाईट नाही. मी चिकनच्या दुकानात काम करते, दिवसभर हातात सुरी. कोंबडीला माझ्या मनाचं काय करायचंय, तिला सुरीच लागते, असं मी आईला एकदा सुनावलं, तर बाईने आठवडाभर माझ्याशी अबोला धरला.

वहिनी रफूचं काम करते. एका लाँड्रीच्या पायरीला लागून तिची बसायची जागा आहे, एक स्टूल, एक दिवा आणि सुयांचा डबा. उंदराने कुरतडलेला कोट असो की सिगारेटने जळलेली पँट, तिच्या हातून गेलं की भोक कुठे होतं हे कपड्याच्या मालकालाही सापडत नाही. तिची एक शिस्त आहे. गिऱ्हाईक कपडा घेऊन आलं की ती आधी तो उजेडात धरते आणि जिथे जिथे भोक, ओरखडा, डाग असेल तिथे तिथे खडूने गोल काढते. गिऱ्हाइकाच्या देखत. म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की हे तुमच्याकडे फाटलं. गोल काढलेलं ते आधीचं, आपल्याकडे आलं तेव्हाच तसं होतं. वर्षानुवर्षं हेच केल्याने तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं की दाखवून दिलेल्या नुकसानाचा दोष दाखवणाऱ्याकडे येत नाही. बिचारीला सगळं जग लाँड्रीच्या पायरीवर उभं आहे असं वाटत होतं.

दोन महिन्यांपूर्वी दादा कपाळाला पट्टी बांधून आईकडे राहायला आला. गॅरेजमध्ये जॅक सटकला म्हणाला. बायकोचं नाव काढलं की थुंकायचा, पण परत जायचा नाही. वहिनीने तेवढ्यात लाँड्रीच्या मागच्या बाजूला स्वतःपुरती एक खोली बघितली. जुन्या खोलीची एक किल्ली दादाकडे होती आणि कुलूप बदलायला घरमालक तयार नव्हता, म्हणून तिथे राहणं म्हणजे रोज रात्री जिन्याकडे कान लावून झोपणं. नव्या मालकिणीने शनिवारपर्यंत थांबते म्हणून सांगितलं होतं. जुन्या खोलीचं डिपॉझिट हातात आलं की ते तसंच इकडे भरायचं, एवढा साधा हिशेब. ते भाडेकरारावर वहिनीच्याच नावाने होतं आणि तिच्याच रफूच्या पैशांचं होतं. ते मिळालं नाही तर तिला एकच घर उरत होतं, आमच्या आईचं. आणि तिथे दादा होता.

खोली सोडायच्या दिवशी या बाईने काय करावं? कॅलेंडर काढलं, आरसा काढला, न्हाणीघराच्या दारावरचा पडदा काढला, जमिनीवरची चटई गुंडाळली, खोली धुऊन पुसून लखलखीत केली आणि मग जिथे जिथे काही फुटलं तुटलं होतं तिथे तिथे खडूने गोल काढले. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. हिने मूठ उघडली आणि वर दिवा धरला. घरमालक काकांनी गोल बघत खोलीभर एक फेरी मारली, किल्ली घेतली आणि संध्याकाळी निरोप पाठवला की एवढं नुकसान तुम्हीच कबूल केलंय, तेव्हा ते कापून उरलेलं न्या. उरलेलं म्हणजे अर्धंही नव्हतं.

तिने मला हे सांगितलं तेव्हा मी संतापाने लाल झाले. चोराला घराचा नकाशा काढून देतेस का, असं मी तिला तिथेच भर लाँड्रीसमोर विचारलं. ती म्हणाली, मी लपवलं नाही एवढंच. मी एप्रन काढून पिशवीत कोंबला आणि तिला हाताला धरून निघाले. शुक्रवार होता.

काका खालच्या मजल्यावर राहतात. निवृत्त, हळू बोलणारे, कुंड्यांना पाणी घालणारे. त्यांच्या झोपायच्या खोलीचं छत म्हणजे वहिनीची जमीन. त्यांना मारामारी आवडत नाही, भांडण आवडत नाही, मोठा आवाज आवडत नाही. वर आवाज सुरू झाला की ते टीव्हीचा आवाज वाढवायचे, हे मला वहिनीनेच कधीतरी सांगितलं होतं. आम्हाला बघून त्यांचा चेहरा पडला, पण माणूस सभ्य, बसा म्हणाले. वहिनी म्हणाली, इथे नाही, वर चला. तिने असं कोणाला सांगितलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. काका किल्ली घेऊन निमूट वर आले.

रिकामी खोली भलतीच लहान दिसत होती. पांढरे गोल मात्र मोठे दिसत होते.

वहिनी पहिल्या गोलापाशी जाऊन उभी राहिली. ओट्याशेजारची भिंत, प्लास्टरचा खपला उडालेला, बरोबर तिच्या कानाच्या उंचीवर. "हा पाना," ती म्हणाली. "आमटीत मीठ कमी होतं. मी डोकं बाजूला घेतलं म्हणून भिंतीला लागला. नसतं घेतलं तर तुमच्या भिंतीला काही झालं नसतं."

काकांनी घसा खाकरला. ती तोवर दुसऱ्या गोलापाशी पोचली होती. न्हाणीघराचं दार, कडी मुळापासून उपटलेली, फळीला उभी चीर. आत ती होती, बाहेरून तो लाथा मारत होता, आणि दार पडल्यावर काय झालं हे ती दार दाखवावं तितक्या शांतपणे सांगत गेली. त्या रात्री तिची दोन बोटं मोडली होती. महिनाभर तिला सुई धरता आली नव्हती. मला हे माहीत नव्हतं. मला वाटलं होतं की तिला ताप आला होता, कारण तिने तसं सांगितलं होतं. मी भिंतीला हात लावून उभी राहिले.

"दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही वर आला होतात," वहिनी काकांना म्हणाली. काकूंना झोप लागत नाही, जरा बेताने घ्या, आणि दार दुरुस्त करून घ्या, असं ते म्हणाले होते. तिचा हात तेव्हा ओढणीत गुंडाळलेला होता. काकांनी तो बघितला होता.

तिसरा गोल जमिनीवर. लादी मधोमध तडकलेली. वहिनीने सलवार घोट्यापर्यंत वर केली. पायाच्या बाजूला इस्त्रीच्या टोकाचा तपकिरी त्रिकोण होता, कातडी अजून चकाकत होती. "अर्धी इस्त्री लादीवर पडली, अर्धी माझ्यावर," ती म्हणाली. "लादीचे तुम्ही कापलेत. पायाचे कोणाकडून कापू?"

काका आता माझ्याकडे बघत होते, जणू मी त्यांना यातून सोडवणार होते. ते म्हणाले, संसारात भांड्याला भांडं लागतंच, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने कसं पडायचं.

"भांडणात पडला नाहीत ना काका? मग त्याच्या हिशेबातही पडू नका," वहिनी म्हणाली.

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण काकांनी खिशातून रुमाल काढला आणि तोंड पुसत पुसत सांगितलं की बायकांशी पैशाचं बोलणं नको म्हणून किल्ली घ्यायला आत गेले तेव्हाच त्यांनी दादाला फोन केलाय, घरातल्या कर्त्या माणसाच्या हातात उरलेली रक्कम देऊन मोकळं व्हायचं होतं त्यांना. जिन्यावर बूट वाजले तेव्हा वहिनीचा हात आपोआप कानावर गेला. बूट ओळखीचे होते.

दादा गॅरेजच्या कपड्यांतच आला. काकांना नमस्कार केला, मला तू इथे काय करतेस असं विचारलं. बाहेरच्यांशी तो फार अदबीने बोलतो, सुंभ जळेल पण हा पीळ जायचा नाही. कपाळावर टाक्यांची लाल रेघ होती. वहिनीला म्हणाला, तमाशा बंद कर आणि चल घरी, आई वाट बघतेय. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. ती चौथ्या गोलाकडे वळली, बेसिनकडे. त्याची पुढची कड चंद्रकोरीसारखी उडाली होती.

तिने पाठ फिरवली हेच त्याला सहन झालं नाही. त्याने तिची वेणी हाताला गुंडाळली आणि झटका दिला. तिचं डोकं भिंतीवर आपटलेला आवाज मी अजून ऐकते, नारळ आपटावा तसा. मी त्याच्या पाठीवर उडी मारली. त्याच्या मानेला चावले, दात रुतेपर्यंत, आणि तोंडात खारट आलं तरी सोडलं नाही. त्याने कोपर मागे हाणलं, माझा ओठ फाटला, मी लादीवर पडले. पुन्हा उठले. हा माझा सख्खा भाऊ, लहानपणी मला खांद्यावर घेऊन हिंडलेला, आणि त्या क्षणी माझ्या पिशवीत एप्रनऐवजी सुरी असती तर मी ती चालवली असती. हे मी आईलाही सांगितलंय.

काका दाराच्या चौकटीला चिकटून उभे होते. टीव्ही खाली होता, आवाज वाढवायची सोय नव्हती.

दादाने वहिनीला वेणीला धरूनच बेसिनपाशी फरफटत आणलं आणि दुसरा हात उगारला. तिच्या भुवईतून रक्त वाहत होतं, एक डोळा मिटला होता. दुसऱ्या डोळ्याने ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"हे बेसिन कसं फुटलं ते काकांना तू सांगतोस की मी सांगू?" ती म्हणाली. "आज इथे सांगते. उद्या गॅरेजमध्ये येऊन सांगते. सगळ्या पोरांसमोर."

उगारलेला हात तिथेच राहिला. मला आधी कळेना. मग माझी नजर बेसिनच्या उडालेल्या कडेवरून दादाच्या कपाळावर गेली, आणि तिथून परत बेसिनवर आली. जॅक नव्हता सटकला तर. दादाने मी बघितलेलं बघितलं. पोलिसाची, आईची, देवाचीही कधी भीती न वाटलेल्या माझ्या भावाचं तोंड पांढरं पडलं. बायकोला मारतो हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं आणि त्याची त्याला लाज नव्हती. बायकोकडून मार खाल्ला हे चार पोरांना कळणं मात्र त्याला झेपणारं नव्हतं. त्याने वेणी सोडली. मानेवरचं रक्त पुसलं, काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

काका त्याच्या मागोमाग खाली गेले. मला वाटलं दार लावून बसतील. पण ते परत वर आले, हातात पैसे घेऊन, पूर्ण डिपॉझिट. भीतीने दिले की शरमेने ते मी विचारलं नाही, त्यांचं ते बघून घेतील. वहिनीने ओढणी भुवईला दाबून धरली होती. दुसऱ्या हाताने तिने पैसे घेतले, त्यातल्या काही नोटा वेगळ्या केल्या आणि काकांना परत दिल्या.

"बेसिनचे कापून घ्या," ती म्हणाली. "ते मी फोडलं."

काका नको नको म्हणाले. तिने नोटा ओट्यावर ठेवल्या.

त्या नोटांची कमी आता मला भरून काढावी लागणार होती, शनिवार उद्यावर आला होता, आणि माझा ओठ सुजून भज्यासारखा झाला होता. त्यामुळे जिना उतरताना मी तिला चांगलीच झापली. काका देत होते तर घ्यायचे ना, एवढा कसला बाणेदारपणा, असं विचारलं.

ती एक पायरी थांबली. रक्ताने भिजलेली ओढणी तिने उलटी करून पुन्हा भुवईला लावली.

"इतक्या वर्षांत हौसेने म्हणून केलेली तेवढी एकच गोष्ट आहे गं," ती म्हणाली. "ती तरी माझ्या पैशाने होऊ दे."